घागरीतल्या दोन बाटल्या

मिलच्या साप्ताहिक सुट्टीला आमच्या घरात सुईचा दिवस म्हणत. त्या दिवशी आम्ही चौघेही पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतून शटल रिक्षाने शहरात ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जायचो. मुलगी नऊ वर्षांची होती, मुलगा सहाचा, आणि दोघांनाही दम लागायचा. खरे तर एकाने नेले असते तरी चालले असते. पण सुई दिल्यावर अर्धा तास तिथल्याच बाकावर बसून राहावे लागे, आणि तो अर्धा तास एकट्याने दोन पोरांच्या तोंडाकडे पाहत काढायची हिंमत ना माझ्यात होती, ना बायकोत.

त्याला कारण होते. आदल्या थंडीत मुलीचा डोस वाढवला, तेव्हा बाकावर बसल्याबसल्या ती मान खाजवू लागली. मग ओठ सुजले. कधीही घाई न करणारे ते वयस्कर गुजराती डॉक्टर दुसरी सुई घेऊन आतून अक्षरशः धावत आले. ती सावरली, पण त्यानंतर त्या बाकावर मला पेपर वाचता आला नाही.

औषध म्हणजे ज्या धुळीने आणि बुरशीने पोरे आजारी पडत, तेच अगदी थोडे थोडे अंगात सोडायचे आणि हळूहळू वाढवत न्यायचे. मुलगी चढत चढत तिसऱ्या ताकदीच्या बाटलीवर पोचली होती. मुलाचे उशिरा सुरू झाले, तो पहिल्याच बाटलीवर होता. मध्ये खंड पडला तर मागे यावे लागेल, असे डॉक्टर दर वेळी बजावत. खोलीला ओल आहे का, असे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते. मी म्हणालो, थोडी आहे. खाडीच्या बाजूची ती तळमजल्याची खोली मीच पसंत केली होती, मिल जवळ पडते म्हणून. भिंतीवर कंबरेपर्यंत ओल चढलेली असायची.

सुया चुकू नयेत म्हणून बायकोने सलग दुसऱ्या वर्षी आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, माहेर सोडले. खानदेशातल्या बाईने आखाजीला माहेरी जायचे नाही म्हणजे काय, ते आमच्याकडे सांगावे लागत नाही. तिचा धाकटा भाऊ मुराळी म्हणून तिला न्यायला आला, तो रिकाम्या हाताने परत जायचा नाही म्हणून इथेच राहिला, आणि दोन दिवस मला टोमणे मारत राहिला. “दाजी, गावात काय डॉक्टर नाहीत? का गावची सुई टोचत नाही?” मी हसण्यावारी नेत होतो. बायको हसत नव्हती.

नेमके त्याच वेळी डॉक्टर उन्हाळ्याच्या सुट्टीवर निघाले. आखाजी सुईच्याच दिवशी आली होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी दोन नव्या छोट्या बाटल्या मला दिल्या, एकीच्या चिठ्ठीवर मुलीचे नाव, दुसरीच्या चिठ्ठीवर मुलाचे. तुमच्या भागातल्या डॉक्टरकडून उद्या टोचून घ्या, म्हणाले. थंड ठेवा, पण बर्फात गोठवू नका. काही झालेच तर म्हणून उताऱ्याची सुई जवळ तयार असू द्या, आणि अर्धा तास हलू नका.

बाटल्यांची रात्र थर्मासमध्ये निघाली. सकाळी झाकण उघडले तर बर्फाचे पाणी झालेले, लाइट गेल्याने औषधवाल्याचा फ्रिजही बंद, आणि आमच्या भागातल्या डॉक्टरचा दवाखाना संध्याकाळी उघडणार. चाळीत फ्रिज कुणाकडे नव्हता. नाक्यावरच्या सरबतवाल्याची बर्फाची पेटी होती, पण त्यात दिवसभर दहा हात जाणार. खोलीत एकच गार जागा होती. कोपऱ्यात बायकोने पितरांसाठी नवी घागर भरून मांडली होती, वर खरबूज, शेजारी सांजोऱ्या. त्या घागरीला दिवसभर कुणी हात लावणार नव्हते. मला ते फार सोयीचे वाटले. मी बायकोला विचारले. ती घागरीकडे बघत म्हणाली, “ठेवा. पितरं बी पोरेसनाच शेतस.” पितरेही पोरांचीच आहेत. मी रुमालात दोन्ही बाटल्या बांधल्या, दोरी बांधून पाण्यात सोडल्या आणि खरबूज परत ठेवले. दिवसभर मी स्वतःवर खूश होतो.

संध्याकाळी आम्ही पाच जण दवाखान्यात गेलो. डॉक्टर उत्तर प्रदेशातले, तरुण, मनमोकळे. त्यांनी उताऱ्याची सुई भरून ताटलीत ठेवली. मी टेबलावर रुमाल सोडला. बाटल्या गार होत्या, स्वच्छ होत्या, आणि दोन्ही कोऱ्या होत्या. चिठ्ठ्या सुटून रुमालाला चिकटल्या होत्या. त्यांच्यावरची शाई निळी पसरून गेली होती.

डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. “पानी एक, शीशी एक। अब बोलिए, किसको कौन सी?”

बायको माझ्याकडे बघत नव्हती, बाटल्यांकडे बघत होती.

मेहुणा म्हणाला, “घरचीच पोरं, घरचंच औषध. इकडचं तिकडं झालं तर असं काय होणार आहे, दाजी?”

मी त्याला थंडीतल्या त्या दिवसाबद्दल सांगितले.

बायकोनेच विचार पुढे नेला. पोरीला काहीही दिले तरी चालेल, ती म्हणाली. तिची बाटली निघाली तर ती तिचीच आहे, आणि भावाची निघाली तर ती हलकी आहे, तेवढी तिने कधीच पचवली आहे. पोराचे तसे नाही. त्याला तिची गेली तर. तिने वाक्य पुरे केले नाही. मग म्हणाली, आधी पोरीला देऊ, आणि दंडावर किती फुगते ते बघू. नेहमीएवढे फुगले तर ती तिची. मग उरलेली पोराची.

डॉक्टरांनी मान हलवली. मुलीने बाही वर केली. बाटली मी निवडली, डाव्या हाताची, का ते मला माहीत नाही.

बाकावर आम्ही एका ओळीत बसलो. मुलीने दंड पुढे धरून ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. दंड चोळायचा नाही, हे सगळ्यांना पाठ होते. बाहेर कुणीतरी झोका बांधला होता, पोरींची गाणी ऐकू येत होती आणि मुलाचे सगळे लक्ष तिकडे होते. सूज वर आली. लालसर, मधोमध पांढरी. मी मनातल्या मनात तिचे माप घेत होतो आणि दर वेळी वेगळे येत होते.

अर्धा तास झाल्यावर डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिले आणि आम्हाला विचारले, दर वेळी असेच होते का?

“असंच,” मेहुणा म्हणाला. त्याने आधी कधी पाहिलेच नव्हते.

“थोडं लहान आहे,” बायको म्हणाली. मग म्हणाली, “नाही. असंच असतं बहुतेक.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. डॉक्टरांच्या हातात उरलेली बाटली होती. दर आठवड्याला मीही तो दंड बघत आलो होतो, पण मी ओठ बघायचो, मान बघायचो, श्वास ऐकायचो. सुजेचे माप मी कधी मनात ठेवलेच नव्हते.

बायको हलक्या आवाजात म्हणाली, “दोन वर्षं आखाजीचं माहेर सोडलं मी. आता द्यायची तर द्या, नाही तर नाही. तुम्ही सांगा.”

“राहू द्या,” मी म्हणालो.

मुलगा बाकावरून उतरला आणि झोक्याकडे पळाला. त्याला वाटले त्याची सुटका झाली. बायको उठली, मुलीची बाही खाली केली आणि चालू लागली.

सुट्टीवरून आल्यावर आमच्या डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले, उरलेली बाटली कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि बरोबर केलेत, असे म्हणाले. मुलाचा खंड लांबला होता. मुलाचे औषध अगदी पहिल्या थेंबापासून पुन्हा सुरू झाले. पुढे आलेल्या थंडीत मुलगी शाळा न बुडवता गेली. मुलगा मात्र उशीला टेकून बसून झोपायचा, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याचा श्वास मोजायचो.

डॉक्टरांचे ते वाक्य मी बायकोला दोनदा सांगितले. तिने दोन्ही वेळा हो म्हटले. पण मी नाही म्हणालो ते पोरासाठी म्हणालो, की हो म्हणून पुढे काही झाले असते तर ते माझ्यावर आले असते म्हणून, हे मला तेव्हाही ठरवता आले नाही आणि आजही येत नाही. पुढच्या सुईच्या दिवशी आम्ही चौघे पुन्हा त्या बाकावर होतो. मुलीला आता महिन्यातून एकदाच सुई पुरणार होती. तरीही ती आली, आणि भावाचा दंड तिने स्वतःच्या मांडीवर घेऊन धरला.