कागदावरचं कडं

सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन सहा वर्षं झाली आणि वास्तुशांत अजून राहिलीच आहे. पूजेला जोडीनं बसायचं, आणि माझा नवरा आखातातल्या रिफायनरीत. तारीख दोनदा ठरली, दोनदा मोडली. सासूबाई म्हणतात, दीर-जावेला बसवून टाकू. मी ऐकत नाही. घर आमचं आणि उपरण्याची गाठ दुसऱ्यांची, हे कुठलं शहाणपण?

बाकीच्या बायका अशा वेळी नवऱ्याच्या साहेबाला शिव्या तरी देतात. मला तेही जमत नाही, कारण मी तुर्भ्याच्या लॅबमध्ये कच्चं तेलच तपासते. आम्ही दोघं भेटलो तेही तिथेच. जड तेल म्हणजे डांबरासारखा दाट ऐवज. त्यात गंधक, निकेल, व्हॅनेडियम, आणि अस्फाल्टीन नावाचे जड कण. हे कण भट्टीच्या नळ्यांत जळतात, आत कोळसा धरतो, नळ्या साफ कराव्या लागतात आणि ह्याची रजा बोंबलते. दोन्ही वेळा हेच झालं.

यंदा श्रावणातला मुहूर्त काढला, तर तिकडे पुन्हा जड तेलाचं जहाज आलं. साहेबानं डोकं लढवलं, की हलकं तेल घालून पातळ करू. जमलं तर काम सुरळीत, नवरा गुरुवारच्या विमानात. नाही जमलं तर जड तेल वेगळं, थोडं थोडं चालवायचं, आणि ह्यानं महिनाभर तिथेच उभं राहायचं. पातळ केलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं. पण तेल फार हलकं असलं की ते कण त्यात तरंगत नाहीत, वेगळे होऊन खाली बसतात आणि नळ्या आणखीच तुंबतात.

मिश्रणाचा थेंब गाळणकागदावर वाळवला की कळतं. एकसारखा डाग पडला तर ठीक. मध्ये काळं कडं दिसलं तर मिसळायचं नाही. त्यानं डागाचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. साहेब चालेल म्हणतोय, तू बघून सांग, म्हणाला.

मी फोटो मोठा करून पाहिला. कडं होतं. बारीकसं, पण होतं. देवा, किती वाटलं, नाही दिसलं म्हणून मोकळं व्हावं! मला तो घरी हवा होता. भांडायला, चहा गोड झाला म्हणून कुरकुरायला, नुसता शेजारी बसायला.

"मिसळू नकोस," मी म्हटलं.



"मलाही दिसलं होतं," तो म्हणाला. "वाटलं, तू तरी चालेल म्हणशील."