आकाशपाळण्याखालची पांढरी बाई

भुतांवर माझा विश्वास नाही, आणि भुतांवर विश्वास ठेवणाऱ्यांवर त्याहून नाही. हे मी कोणाला शहाणपण शिकवायला सांगत नाही. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत दर मजल्यावर एखादा इंजिनीअर नाहीतर डॉक्टर सापडतो, आणि याच लोकांनी मागच्या हिवाळ्यात माझं डोकं इतकं उठवलं की अजून आठवलं तरी मस्तकात तिडीक जाते.

सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे एक अम्यूझमेंट पार्क आहे. आहे म्हणजे होता. मोठा आकाशपाळणा, झुलणारी कोलंबस बोट, लहान मुलांची आगगाडी आणि दारावर प्लास्टरची कवटी बसवलेला भूतबंगला. करोनात बंद पडला तो पडलाच. जागेचा करार संपला, मालकाने चांगली यंत्रं उचलून नेली, उरलेलं गंजत राहिलं. इतकी साधी गोष्ट. पण दुकान बंद पडलं तर त्याला कोणी भूत चिकटवत नाही, पार्कला मात्र लगेच चिकटवतात. पाळण्यावरून एक मुलगी पडली होती, ती अजून तिथे फिरते, हे मी स्वतः आमच्या लिफ्टमध्ये ऐकलंय. कोणती मुलगी, कधी पडली, असं विचारलं की सांगणारा म्हणतो, "सबको पता है जी." पार्क चालू होता तेव्हा हेच लोक पोराबाळांना घेऊन भूतबंगल्यासमोर रांग लावायचे.

पार्कच्या जुन्या तिकीटखिडकीजवळ एक पिंपळ आहे. माझी आई माझ्याकडे राहिली ती त्या पिंपळामुळे. बाबा गेल्यावर ती नागपूरला एकटी होती. एकदा बाथरूममध्ये पडली, तशी मी रजा टाकून धावत गेले आणि तिला घेऊनच आले. पण ती इथे रमेना. मी मंत्रालयातून घरी येईपर्यंत बाल्कनीत बसून राहायची आणि मी आले की तिचं पालुपद सुरू व्हायचं, मला परत पोचव. मग एकदा फिरताना तिला मागच्या भिंतीतलं खिंडार दिसलं आणि पलीकडे तो पिंपळ. "अगं, घरामागे बोधिवृक्ष आहे आणि तू मला सांगितलं नाहीस?" त्या दिवसापासून पालुपद बंद झालं. आमच्याकडच्या बऱ्याच बायका पौर्णिमेला उपोसथाचा उपास धरतात, तशी तीही धरायची. उपासाची पांढरी साडी नेसायची, दिवेलागणीला पिंपळाखाली जाऊन वंदना म्हणायची आणि परत यायची. तिला दिल्लीत धरून ठेवणारं तेवढं एकच आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

डिसेंबरातल्या पौर्णिमेनंतर माझी लेक फोन घेऊन आली. ती नववीत आहे. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र हिंदीत घसरते. "मम्मा, बघ ना यार, आपल्या पार्कमध्ये सच्ची भूत आहे." कोणीतरी वरच्या मजल्यावरून काढलेली रील होती. धुकं, मागे पाळण्याचा सांगाडा, आणि पिंपळाजवळून सावकाश चालणारी एक पांढरी आकृती. जमिनीलगत धुकं दाट असल्यामुळे पाय दिसत नव्हते. पाय का दिसत नाहीत यावर सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून चर्चा चालली होती.

मी एकदाच पाहिलं. त्या भुताचा डावा गुडघा दुखत होता. थोडं चालून ते थांबत होतं, कंबरेवर हात ठेवत होतं, पुन्हा चालत होतं. "अगं, ही तर आजी," लेकीच्याही लक्षात आलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या सगळ्या प्रकरणात हसण्यासारखं तेवढंच होतं.

मी ग्रुपवर हिंदीत, अगदी नम्रपणे लिहिलं की ही माझी आई आहे, पौर्णिमेला पिंपळाखाली प्रार्थना करायला जाते, कोणी घाबरू नका. मला वाटलं विषय संपला. थोड्या वेळात उत्तरं यायला लागली. एकाने लिहिलं, "आंटीजी को प्रणाम, लेकिन ये वो नहीं हैं." दुसऱ्याने लिहिलं, "ध्यान से देखिए, इसके आर-पार झूला दिख रहा है." पाचव्या मजल्यावरच्या एक बाई रोज सकाळी दूध आणताना आईला भेटतात. त्यांनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, की शाम के टाइम, सफेद कपड़ों में, पीपल के नीचे आप लोग करते क्या हो? मी लिहिलं, आम्ही बौद्ध आहोत. त्यावर त्यांनी नुसतं "अच्छा" लिहिलं. या "अच्छा"ची मला शाळेपासून सवय आहे.

ग्रुपवर लिहिणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरी अंकलकडे गेले. माणूस वाईट नाही. चहा दिला, बसवून घेतलं.

"बेटा, मैं तो मानता हूँ मम्मी ही हैं. पर बच्चे डर रहे हैं ना. पंडितजी से शांतिपाठ करा लेते हैं, और दीवार का वो छेद बंद."

"अंकल, जब मम्मी ही हैं, तो शांति किसकी करा रहे हैं?"

"शांतिपाठ से किसी का नुकसान थोड़े ही होता है." मग त्यांना तोडगा सुचला. "ऐसा करो, मम्मी को बोलो कलरवाली साड़ी पहन लें. दीवार का छेद हम रहने देंगे. बात खतम."

त्यांच्या मिसेस आतून म्हणाल्या, "बिल्कुल."

साप साप म्हणून भुई यांनी धोपटायची आणि साडी माझ्या आईने बदलायची. मी तणतणत घरी आले. आई शाळेत शिक्षिका होती. सुट्ट्यांमध्ये खेड्यापाड्यांत जायची, नारळातून करणी कशी काढतात त्यातली हातचलाखी करून दाखवायची, अंगात येत नसतं, भूत नसतं, हे घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. तिने उभा जन्म लोकांची भुतं उतरवली. मला वाटलं, हे ऐकल्यावर पदर खोचून माझ्याआधी दाराबाहेर पडेल. ती वाटाणे सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मीच आहे असं सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं. तू रंगीत साडी नेसलीस तर खिंडार बुजवणार नाहीत म्हणे. नेसशील?"

"पौर्णिमेला?" एवढंच म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. मला तिचाही राग आला. जिच्यासाठी मी भांडत होते ती खुशाल वाटाणे सोलत होती.

शांतिपाठ झाला. खिंडार विटांनी बुजलं. पुढच्या पौर्णिमेला मी ऑफिसातून लवकर निघाले. आईला म्हटलं, पुढच्या गेटने वळसा घालून रस्त्याने जाऊ, रस्ता काही कोणाच्या बापाचा नाही. तिने पांढरी साडी, वर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज अशी तयारी केली. आम्ही लिफ्टने खाली निघालो. लिफ्ट पाचव्यावर थांबली. दारात त्याच, दूध आणताना आईला भेटणाऱ्या बाई, हाताशी त्यांची छोटी मुलगी. त्यांनी आईकडे पाहिलं, मुलीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आप लोग जाइए, हम अगली से आएँगे." आई त्या मुलीकडे बघून हसायला लागली होती. तेवढ्यात दार बंद झालं.

मी दाराच्या बटणावर बोट दाबून धरलं. त्या बाईला चार शब्द सुनावल्याशिवाय मला राहवणार नव्हतं. आईने माझा हात खाली घेतला.

"राहू दे. नागपूरला मी अशी घराबाहेर पडले की भाजीवालासुद्धा विचारतो, बाई, आज पौर्णिमा का? इथे पोरांचे डोळे झाकतात. माझं तिकीट काढ."

मी पुष्कळ विनवलं. दुसऱ्या सेक्टरमध्ये झाड शोधू म्हटलं, दर रविवारी विहारात नेईन म्हटलं, शेवटी घरच बदलू म्हटलं. ती म्हणाली, "झाड इथेही होतंच की गं." मी तिला नागपूरला पोचवून आले. तिच्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. आता रोज संध्याकाळी फोन करते आणि तिने उचलायला उशीर केला की उचलेपर्यंत लावत राहते.

मी परत आल्यानंतरच्या पौर्णिमेला सेक्रेटरी अंकलनी ग्रुपवर लिहिलं, "पूजा का असर देखिए जी, अब वहाँ कोई नहीं दिखता." खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यात पाचव्या मजल्यावरच्या बाईही होत्या.