जमनीचा अंगठा

बोरी अरबजवळच्या तांड्यात कोणाचं पोट दुखलं की माणूस आधी जमनीच्या ओट्यावर यायचा, मग दवाखान्यात. बोंबी, म्हणजे बेंबी, सरकली, म्हणायचे लोक. जमनी त्याला उपाशीपोटी उताणं निजवायची, बेंबीपाशी अंगठा टेकवून आतली धकधक कुठं लागते ते पाहायची, अन् तेल लावून दाबत दाबत तिला मधोमध आणायची. चाळीस वर्षं हेच केलं बाईनं. हाताचा गर्व होता तिला, अन् का नसावा?

दिवाळीनंतर तिचा नवराच, भावसिंग, पोट धरून बसला. बिड्या फुकून फुकून सत्तरीला आलेला माणूस. धकधक लागली ती बेंबीच्या वर, डावीकडं, अन् चांगली जोरदार. अशी तिच्या अंगठ्याला याआधी एकदाच लागली होती. "लय सरकली व माय!" ती म्हणाली, अन् तीन महिने रोज सकाळी दाबत राहिली.

"आता कसं वाटते?"

"बरं वाटून राह्यलं," भावसिंग म्हणायचा.

एक दिवस तो वावरात मटकन बसला. मुलगा भारत अन् जमनी त्याला यवतमाळला घेऊन गेले, सोनोग्राफी झाली, अन् तिथून थेट नागपूर. पोटातली मोठी नस मोसंबीएवढी फुगली होती. डॉक्टर म्हणाले, "पोट फाडायचं नाही. जांघेतल्या नसेतून तार सारून आत कापडी नळी बसवतो, म्हणजे फुग्यावर जोर येणार नाही. पण पोट दाबू नका. फुटलं तर माणूस हाती लागत नाही. कोणी दाबलं तर नाही ना?"

जमनीनं मान हलवली. नाही. भारत खाली पाहत राहिला.

ऑपरेशन चाललं तोवर ती हात पदरात गुंडाळून बसली होती. आपल्याच हातानं आपला माणूस मारून राह्यलती मी, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिसऱ्या दिवशी भावसिंग चालू लागला, तेव्हा तिच्यानं राहवलं नाही.

"अवो, डॉक्टरले खोटं बोलली मी."

"मालूम हाय. लय दुखे, जमने. जीव जाये."

"मंग बरं काहून म्हणत होते?"

"सारा तांडा तुह्या हातानं बरा होते. घरचाच नाही झाला, तर लोक काय म्हणतीन?"

जमनी ढसाढसा रडली.

घरी आल्यावर चौथ्याच दिवशी शेजारचा धावजी येऊन ओट्यावर उताणा झाला. दोन-चार बायाही जमल्या. आज उपास हाय, म्हणून टाळता आलं असतं. पण आत खाटेवर भावसिंग पडला होता.

"ऊठ, धावजी," ती साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दवाखान्यात जा. या अंगठ्यानं मी माह्या माणसाले मारतच होती."

"काहीतरीच काय, भाभी! माह्या भावाले नाही का तुमीच पाह्यलं होतं? देवसिंगले? बरं वाटलं म्हणत घरी आलता तो."

देवसिंग मागच्या पोळ्याला याच ओट्यावरून उठून गेला होता, अन् सांजेपर्यंत मेला. अटॅक आला, म्हणाले होते सारे.

जमनीनं अंगठा मुठीत घट्ट धरला.

"त्याची धकधकही वरच होती रे, धावजी," ती म्हणाली. "वर, डावीकडं."