आमच्या वॉशिंग मशीनचं उच्चशिक्षण

आमचं वॉशिंग मशीन पदवीधर नाही, पण ते विद्यापीठाच्या स्पर्धेला जाऊन आलंय. मी पदवीधर आहे, बी.एड.ही केलंय, आणि ते तिकडे स्पर्धेची तयारी करत होतं तेव्हा मी इकडे दगडावर चादरी आपटत होते.

हे मशीन मी माझ्या पगारातून घेतलं होतं. डहाणूहून तलासरीला शाळेत जायचं, वर्गात ओरडायचं, एसटीने हाडं खिळखिळी करून परत यायचं आणि मग बादलीसमोर बसायचं, यात माझ्या कंबरेने एक दिवस राजीनामाच दिला. मशीन आलं तेव्हा मी त्याची पूजा केली आणि घरात जाहीर केलं की याच्या बटणांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. माझे यजमान अविनाशराव लाइट ऑफिसात आहेत (घरातला बल्ब गेला की वायरमनला फोन करतात), त्यांनी हा नियम फार आनंदाने पाळला. मोडला तो मुलीने.

केतकी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय इतिहास. तिने बी.एड. करावं, माझ्यासारखी शिक्षिका व्हावं, असं मी तिच्या जन्माच्याही आधी ठरवलं होतं. तेवढ्यात विद्यापीठाने कॉलेजांना कळवलं की विद्यार्थ्यांनी नवीन काहीतरी शोधावं, त्याचा उद्योग उभारावा आणि गटात निरनिराळ्या शाखांची मुलं असावीत; शेवटी सगळ्या गटांची कॉलेजात स्पर्धा होईल. केतकी घरी आली ती असा चेहरा करून, की जणू तिला परदेशात नोकरीच लागलीय.

"आई, आम्ही स्टार्टअप काढतोय."

मी म्हटलं, "इतिहासाची मुलगी स्टार्टअपमध्ये काय करणार? मशीनची वंशावळ लिहिणार?"

मला हा विनोद फार आवडला. पुढचा महिनाभर मी तो उठताबसता केला. घरात कुणीही हसलं नाही.

गटात आणखी दोघं होते. एक जिग्नेश, कॉमर्सचा. त्याच्या वडिलांचं डहाणूत हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्या तोंडात कायम एकच वाक्य असतं, "आंटी, तुम्ही टेन्शन नका घेऊ." हे वाक्य ऐकलं की मला टेन्शन येतं. दुसरा विलास, फिजिक्सचा. तो कासाच्या पलीकडच्या एका पाड्यावरून आधी जीपने चारोटीला आणि तिथून बसने यायचा, बोलायचा अजिबात नाही, आणि ज्या वस्तूकडे बघायचा तिचे स्क्रू थोड्या वेळात जमिनीवर असायचे.

आता यांची कल्पना. केतकी कॉलेजच्या एका प्रकल्पासाठी जवळच्या चिखले गावच्या चिकूवाड्यांत जाऊन तिथल्या जुन्या बायकांच्या आठवणी गोळा करत होती. त्या बायका बोलता बोलता टबात चिकू धूत बसलेल्या असायच्या. झाडावरून काढलेल्या चिकूवर तपकिरी भुकटी असते, देठाला चीक असतो, तो सगळा हाताने चोळून काढावा लागतो. त्यांचे तळवे काळे पडलेले आणि चिरलेले होते. केतकीच्या मनात आलं, कपडे मशीनमध्ये धुता येतात, तर चिकू का नाही? कल्पना चांगली होती, हे मी आज म्हणते. तेव्हा म्हटलं नाही, कारण तेव्हा कुणी मला सांगितलंच नव्हतं. मी शाळेतून घरी आले तर बाथरूममध्ये माझं मशीन पाठ उघडी टाकून उभं होतं आणि आत चिकू फिरत होते.

फिरत होते म्हणजे, सुरुवातीला. झाकण उघडलं तेव्हा आत एकही चिकू उरला नव्हता. दूध न घातलेला मिल्कशेक होता, आणि त्यात बिया.

मी काय काय बोलले ते इथे लिहिता येत नाही. जिग्नेश म्हणाला, आंटी, तुम्ही टेन्शन नका घेऊ, पहिली चाचणी अशीच होते. मी आशेने अविनाशरावांकडे पाहिलं. बाप माणूस, दोन शब्द सुनावतील. तेव्हा कळलं की त्यांनी आपलं नाव गटाचे मार्गदर्शक म्हणून आधीच देऊन ठेवलंय! "अगं, ही उद्योजकता आहे," ते मला समजावायला लागले. मी विचारलं, उद्यापासून तुमचे शर्ट कोण धुणार, ही उद्योजकता? त्यावर ते म्हणाले की माझा विचार फार छोटा आहे. मी त्यांचे शर्ट धुणं त्या दिवसापासून बंद केलं. त्यांनी गडद रंगाचे शर्ट घेतले आणि छोटा विचार करायचं टाळलं.

मग प्रयोग वाढत गेले. चिकूंना मार लागू नये म्हणून मशीनच्या आतून फोम लावायचं ठरलं. फोम कुठून आला, हे मला दिवाणखान्यात सोफ्यावर बसल्यावर कळलं. मी जवळजवळ जमिनीपर्यंत गेले. माझी पांढरी ओढणी कशी कोण जाणे त्या पाण्यात पडली आणि चहाच्या रंगाची झाली. ती घेऊन शाळेत गेले तर मुलींनी विचारलं, बाई, हा रंग कुठे मिळाला? शेवटी बिल्डिंगचा पाइप चिकूच्या गराने तुंबला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मोरीतून बिया वर आल्या. काकू वर आल्या. मी दारात उभी राहून माफी मागत होते आणि मागे माझे यजमान विलासला विचारत होते की बियांसाठी वेगळी जाळी बसवता येईल का.

त्या दिवशी मी हुकूम काढला. मशीन घरातून बाहेर. ते निमूटपणे बाहेर जाईल आणि मुलं रडत माझ्या पाया पडतील, असं मला वाटलं होतं. ती मुलं टेम्पो घेऊन आली आणि आनंदाने मशीन कॉलेजात घेऊन गेली. मी त्याला हकालपट्टी म्हणत होते, ते त्याला पुढचा टप्पा म्हणत होते.

मग बादली आली, कंबर दुखायला लागली आणि मी व केतकी एकमेकींशी बोलेनाशा झालो. एका रविवारी दोरीवर कपडे टाकताना ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, तुला मशीन गेल्याचा राग आलाय की मी बी.एड. करत नाही म्हणतेय त्याचा?"

"दोन्हीचा."

"मग एकेकाचा वेगळा काढ. एकत्र काढलास की मला काही कळत नाही."

मी तिच्या हातात पिळलेली चादर दिली आणि आत गेले. खरं तर मला रडू आलं होतं, पण रागाच्या मध्येच रडलं की राग वाया जातो.

स्पर्धेच्या दिवशी मी गेले ते कौतुकाला नाही, मशीन परत आणायला. टेम्पोवाल्याला कॉलेजच्या फाटकाशी उभा करून मी सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. स्टेजवर माझं मशीन उभं होतं. त्याच्यावर माझीच फुलाफुलांची चादर टाकलेली, ती पाहुण्यांच्या हस्ते काढण्यात आली. टाळ्या झाल्या. (ती चादर मी घरी शोधत होते.)

सुरुवात झकास झाली. जिग्नेश बोलला, विलासने बटण दाबलं, थोडे चिकू आत गेले आणि स्वच्छ, कोरडे, न फुटता बाहेर आले. परीक्षकांनी हातात घेऊन पाहिले, वास घेतला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण पहिल्या रांगेत मार्गदर्शक बसले होते. ते उठून म्हणाले, आता अख्खा क्रेट होऊ द्या.

अख्खा क्रेट आत गेला. मशीन आधी गुरगुरलं, मग थरथरलं, मग चालायला लागलं. ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्यांना ठाऊक असेल, भार एका बाजूला गेला की ते जागेवरून सरकतं. आमचं सरकत नव्हतं, ते निघालं होतं, थेट परीक्षकांच्या टेबलाकडे. पाण्याची नळी सुटली. विलासने धावत जाऊन वायर उपसली तोपर्यंत स्टेजवर पाणी झालं होतं, झाकण उघडून चिकू चहूकडे घरंगळत होते आणि एक परीक्षक बाई पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या.

सभागृह हसत होतं. मधल्या परीक्षकांनी चष्मा पुसला, कागद पाहिला आणि ते केतकीकडे वळले.

"तुम्ही इतिहासाच्या ना? मग या सगळ्यात तुमचं काम काय? चिकूची वंशावळ?"

सगळे पुन्हा हसले, आधीपेक्षा मोठ्याने. केतकीच्या हातात पुसायचं फडकं होतं. ती खाली वाकून स्टेजवरचं पाणी पुसायला लागली.

माझं डोकं फिरलं. तो विनोद माझा होता! महिनाभर मी घरात घसा कोरडा करून तो सांगितला, कुणी ओठ हलवला नाही, आणि हा माणूस एकदा सांगतो तर अख्खं कॉलेज हसतं. आणि हसतं कुणाला, तर माझ्या मुलीला. तो किती वाईट विनोद आहे, हे मला तेव्हाच कळलं. मी उठले, चिकू चुकवत स्टेजवर चढले आणि जिग्नेशच्या हातातून माइक घेतला. तो पुटपुटला, आंटी, तुम्ही टेन्शन... मी पाहिल्यावर गप्प बसला.

मी म्हटलं, "चिकू धुताना बायकांचे हात चिरतात, हे या सभागृहात कुणाला माहीत होतं? हिला माहीत होतं, कारण ही त्यांच्याजवळ जाऊन बसली. ऐकत बसणं हेच हिचं शिक्षण आहे. हिने विचारलं नसतं तर फिजिक्स काय बनवणार होतं आणि कॉमर्स काय विकणार होतं?"

इथे थांबले असते तर मी थोर ठरले असते. पण राग एकदा माइकवर आला की उतरत नाही. मी म्हटलं, अख्खा क्रेट ओतायला सांगणारे मार्गदर्शक समोर बसलेत, त्यांनी आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतलेला नाही. मग प्राचार्यांकडे वळले. "आणि तुम्ही मुलांना सांगता काहीतरी नवं करा, पण करायला खोली देत नाही. माझं बाथरूम हे विद्यापीठाचं कोणतं केंद्र आहे, ते मला लेखी कळवा."

मधल्या परीक्षकांनी हळूच विचारलं, "आपण कोण?"

"मी या मशीनची मालकीण."

यावर ज्या टाळ्या झाल्या तशा मला शाळेच्या इतक्या वर्षांत कधी मिळाल्या नाहीत.

मुलांचा तिसरा नंबर आला. त्या परीक्षकांनी नंतर केतकीला बाजूला बोलावून तिची क्षमा मागितली आणि चिखल्याच्या बायकांबद्दल बराच वेळ विचारलं. प्राचार्यांनी जिमखान्यामागची खोली उघडून दिली. मशीन मी परत नेलं नाही. टेम्पोवाला चिडला, त्याचा राग मला कळत होता.

घरी जाताना रिक्षात केतकीने विचारलं, "मी चिखल्यात काय करते ते तुला कसं माहीत? मी तर तुला कधी सांगितलं नाही."

"तू मोबाइलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सारख्या त्याच बायका बोलत असायच्या," मी म्हटलं. "कपडे धुताना कान बंद करता येतात का?"

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. बी.एड.चा विषय मी त्या दिवशी काढला नाही. (दुसऱ्या दिवशी काढला.)

गोष्ट इथे संपली असती तर माझी अब्रू राहिली असती. पण पुढच्या सत्रात प्राचार्यांनी मला सगळ्या शाखांच्या मुलांसमोर बोलायला बोलावलं. विषय, ग्राहकाची बाजू. स्टेजवर चढताना ते कानाशी म्हणाले, बाई, अगदी त्या दिवशीसारखं होऊ द्या. सभागृह भरलं होतं. पंखे चालू होते, चहा चांगला झाला होता, मुलं आदराने बसली होती, आणि मला काही केल्या राग येईना. मी चिकाटी, जिद्द, सहकार्य यांवर बोलत राहिले. मुलांनी मोबाइल काढले.

प्राचार्यांनी पहिल्या रांगेत वाकून अविनाशरावांना विचारलं, बाईंना आज बरं नाही का?

"मलाही तीच काळजी लागलीय," आमचे हे म्हणाले, आणि प्रश्नांसाठी समोर ठेवलेला माइक चालू असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "सकाळपासून मला एकदाही बोलली नाही. इथून थेट डॉक्टरकडेच नेतो."