आईला विचारलेला प्रश्न

आज सोलापूरच्या घरी शेंगाचटणीचा डबा उघडला आणि त्या खमंग वासानं आमच्या मैंदर्गी गावातली एक दुपार आठवली. प्रादेशिक विषमतेवरच्या माझ्या पीएचडीसाठी मार्गदर्शक सर माझ्यासोबत गावात पाहणीला आले होते. आई त्यांच्यासाठी चटणी कुटत होती, आणि पाहणीचे प्रश्न मी तिलाच विचारत होते.

“घरात फ्रिज आहे?”

“हाय की.”

नव्हता. सरांनी सहज गार पाणी मागितलं. माठातलं पाणी देत आई म्हणाली, “बिगडलाय जरा.”

सर गेल्यावर मी तिच्यावर चिडले. ती हळूच म्हणाली, “तुज्या सरांपुडं तुला कमीपना नको यायला.”

तेव्हा मला तिची लाज वाटली होती. आता विद्यार्थ्यांना पाहणी शिकवताना माझीच वाटते. उत्तर ठाऊक असूनही मी तिला परक्या माणसासमोर विचारलं होतं.