गव्हाशी वैर

माणसाचं वैर भाऊबंदांशी असतं, बांधावरून शेजाऱ्याशी असतं, फार तर गावच्या सरपंचाशी असतं; पण गव्हासारख्या गरीब धान्याशी उभं वैर मांडणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला आणि तो नेमका माझ्या ताईचा सासरा निघाला. यावलजवळ त्यांची केळीची बाग होती. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा ताईच्या सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, साखरेचा आजार निघाला. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोड बंद, खाणं बेताचं, चालणं रोजचं आणि गोळी वेळेवर. नानांना हे फारच मिळमिळीत वाटलं. एवढा मोठा आजार घरात शिरतो आणि गुन्हेगार कोणीच नाही? अक्कांवर त्यांचा जीव होता. त्यांनी गुन्हेगार शोधायचं मनावर घेतलं आणि महिनाभरात तो धरूनही आणला. तो म्हणजे गव्हातला चीक.

मी धुळ्याला नोकरीला होतो. सुटीत ताईकडे गेलो की हातपाय धुवायच्या आधी मला प्रयोग पाहावा लागे. नाना कणकेचा गोळा घेऊन ओसरीवर बसत आणि तांब्याने पाणी सोडत तो चोळू लागत. पांढरं पाणी वाहून जाई आणि शेवटी मुठीत एक पिवळट, रबरासारखा गोळा उरे. तो दोन्ही हातांनी ताणून ते माझ्या नाकासमोर धरत. "पाव्हणे, हा पाहा चोर! हा रगतात जातो, रगत घट्ट करतो, मंग साखर तठीच अडकून बसते." हा प्रयोग त्यांनी पोस्टमनला दाखवला, केळी भरायला आलेल्या ट्रक ड्रायव्हरला दाखवला आणि धाकट्या मुलीला पाहायला आलेल्या मंडळींनाही दाखवला. ती मंडळी पोहे न खाता उठली. तरी लग्न जमलं, कारण मुलाचे वडील प्रयोग पाहून भारावले होते.

डॉक्टरांनाही हा गोळा पाहण्याचं भाग्य लाभलं. नानांनी तो डबीत घालून यष्टीने जळगावला नेला, सोबत मलाही. डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, "नाना, चिकानं साखर होते असं मी कुठं वाचलेलं नाही. अक्का काय खातात यापेक्षा किती खातात, ते बघा." नाना बाहेर येऊन मला म्हणाले, "शिकेल माणूस हाये, पन गव्हाचा दिसतो." डॉक्टर पोळी खाणाऱ्यांपैकी आहे, असा त्याचा अर्थ.

नानांच्या घरातून गहू हद्दपार झाला. ज्वारीची भाकरी, ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, यावर घर चालू लागलं. लग्नाच्या पंगतीत नाना उपरण्यात भाकरी बांधून नेत. पुरणपोळी वाढली की वरचं आवरण नखाने सोलून बाजूला काढत आणि आतलं गुळाचं पुरण निर्धास्तपणे खात. केळीच्या बागेत राहून केळी वर्ज्य करणं त्यांना पटेना. "केयीचा चीक कपड्याले लागतो, पोटात जात नई," असा निवाडा त्यांनी दिला होता. अक्का मात्र डॉक्टरांचं ऐकायच्या. केळ्याला हात लावत नसत आणि नवऱ्याशी वादही घालत नसत.

तरी साखर वाढली आणि ती अक्कांच्या डोळ्यांवर उतरली. हळूहळू सगळं धूसर होत गेलं. नाना ओसरीवर बसल्या बसल्या त्यांच्याकडे पाहत राहत. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तिथे होतो. माहेरपणाला दोन्ही मुली आल्या होत्या, ऊन नुसतं पेंगत होतं, केळीच्या बागेतून पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता आणि आखाजी असून, गहूच नाही म्हणून, घरात मांड्याचं नाव नव्हतं. अक्कांच्या हातचे मांडे म्हणजे पंचक्रोशीत नाव. त्या नानांपुढे उभ्या राहिल्या. "मी नई खाणार. पन पोरी आल्या, मले करू तं द्या. पुढच्या सालाले डोये साथ देतीन का नई, कोनाले ठाव?"

नाना उठले, सायकलला पिशवी अडकवली आणि स्वतः गहू दळून आणला. पीठ त्यांनीच धोतराच्या धुतलेल्या फडक्यातून गाळलं.

अंगणात चूल पेटली, तिच्यावर मातीचं खापर पालथं पडलं. अक्कांनी सैल भिजवलेला, खूप तिंबलेला गोळा घेतला, पुरण भरलं आणि तो एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवायला सुरुवात केली. नीट दिसत नव्हतं, पण हात चुकत नव्हते. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत मांडा उतरत, पसरत गेला. इतका पातळ झाला की पलीकडचं ऊन त्यातून दिसू लागलं, आणि तरी फाटला नाही. सगळे स्वप्नात असल्यासारखे पाहत होते. तो कशामुळे फाटत नाही, हे नानांइतकं कोणाला ठाऊक असणार? पहिला मांडा अक्कांनी त्यांच्याच ताटात टाकला. आमरसात बुडवून नानांनी तो अख्खा खाल्ला, आवरणासकट.

दुपारी मी आणि नाना निंबाखाली बाजेवर पडलो होतो. मला वाटलं नाना झोपले. पण ते वर फांद्यांकडे पाहत म्हणाले, "पाव्हणे, गव्हात काही नसते हो. डाक्तरनं सांगितलं तंव्हाच मले समजलं होतं. पन साखर पान्यात इरघयून जाते, दिसत नई. तिच्याशी भांडू कसा? चीक तं मुठीत धरता येतो." इतकी वर्षं या माणसाला हसलो, त्याचं फार वाईट वाटलं.

ऊन कललं तशी मुलींनी निंबाला झोका बांधला. अक्का येऊन बाजेवर नानांजवळ बसल्या. धाकटी झोक्यावर चढली. "कोन बसली?" अक्कांनी विचारलं.

"धाकटी. लाल लुगडं नेसली," नाना म्हणाले.

मी चमकून पाहिलं. लुगडं तर पिवळं होतं.

"लाल कुठलं?" अक्का हसल्या. "पिवयं हाये ते. तुमालेच दिसत नई."

नानांचा चेहरा असा काही उजळला की मला त्यांची युक्ती तेव्हा कळली. धाकटी उतरली, मोठी झोक्यावर बसली. तिचं लुगडं हिरवंगार होतं. नाना बाजेच्या कडेला सरकले. "मोठीनं जांभयं नेसलं," ते म्हणाले आणि वाट पाहू लागले.

अक्का झोक्याच्या दिशेने बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "असन. तुमी म्हनता तं असन."

झोका वर जात होता, खाली येत होता, मुली गात होत्या. नानांनी अक्कांचा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाले, "नई, चुकलो मी. हिरवं हाये. काठ लाल हायेत, बारीक." मग ते काठ, बांगड्या, मोठीच्या केसांतला गजरा, झोक्याखाली धावणारी नात, एकेक सांगत राहिले, आणि अक्का ऐकत राहिल्या.