रांगोळीची डबी

माझ्या सासरच्या भाचीच्या मुलीचं हृदय मुंबईला नेऊन शिवून आणलं, आणि महिनाभरात आमच्या घरातल्या बायकांना काळजी पडली ती तिच्या ब्लाऊजच्या गळ्याची. मामाच्या लग्नात पोरीला परकर-पोलकं शिवायचं होतं. छातीवर मधोमध उभा वण. एक म्हणाली, गळा बंद ठेवा. दुसरी म्हणाली, आतापासूनच सवय लावा, उद्या तिलाही दाखवायची आहे. पोर अकरा वर्षांची. कालपर्यंत जिना चढताना निळी पडणारी ती त्या वेळी अंगणात लंगडी खेळत होती. मला या बायकांची किळस आली. किळस जुनीच, फक्त पन्नास वर्षांनी परत आली.

माझी ताई जन्माची निळी होती. गुजरातेतल्या आमच्या संस्थानात महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. आम्ही नागरवाड्यात राहायचो, वडील सरकारी दप्तरात होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे, नखं तशीच, आणि बोटांची टोकं फुगलेली. तान्ही असताना तिला धाप लागायची म्हणून कुणा जाणत्या बाईला बोलावून तिच्या छातीवर तापल्या सळईचे तीन डाग दिले होते. डाम दिला की दम जातो, असं सगळे सांगत. दम गेला नाही, डाग राहिले. तिच्या छातीवर माणसाच्या हातून झालेला इलाज तेवढाच.

चालून दमली की ताई मध्येच उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन. तसं बसलं की तिला श्वास सापडायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण रस्त्यात, देवळात, लोकांच्या ओसरीवर घोडनवरी मुलगी अशी बसलेली बरी दिसत नाही. यावर तोड काढली काकूनं. काकू म्हणजे दादांची मोठी वहिनी, घर तिच्या मुठीत. तिनं एक पितळी डबी रांगोळीनं भरून माझ्या हातात दिली आणि बजावलं, "ती खाली बसली रे बसली की तिच्या हातात डबी द्यायची. लोकांना वाटेल रांगोळी काढायला बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेव्हापासून मी ताईच्या मागे डबी घेऊन फिरायचे. ती बसायची, मी डबी पुढे करायचे, ती धापा टाकत चिमटीतून चार ठिपके सोडायची. श्वास परतेपर्यंत तिथे कमळ उमललेलं असायचं. इतकी वर्षं दमल्यावर तिचा हात असा बसला की बोलायची सोय नाही. शेजारची गुजराती बेन आईला म्हणायची, "तमारी दीकरी साथिया बहु सरस पूरे छे," म्हणजे तुमची मुलगी रांगोळी फार सुरेख काढते. आई हसायची.

ताई सोळा वर्षांची असताना दादांनी तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी होते. डॉक्टरांनी तिला पडद्यामागे निजवून बराच वेळ नळी लावून ऐकलं. मग बाहेर येऊन दादांना म्हणाले, "हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मतःच भोक आहे. काळं रक्त लाल रक्तात मिसळतं, म्हणून ही निळी पडते."

"ऑपरेशन करून?" दादांनी विचारलं.

"आम्ही पोट उघडतो, हातपाय कापतो. हृदयाला सुरी लावणारा माणूस विलायतेतसुद्धा नाही. जपा तिला. लग्न मात्र करू नका. पहिल्याच बाळंतपणात जाईल."

दादा दप्तरातला कागद वाचावा तसे मान हलवत राहिले. घरी येऊन त्यांनी हे आईला आणि काकूला सांगितलं. ताईला सांगायचं नाही असं ठरलं. मलाही तोंड बंद ठेवायला सांगितलं. मला वाटलं, विषय संपला. पण आठ दिवसांत काकू म्हणाली, "डॉक्टरांना काय कळतं? लग्न झालं की रक्त फिरतं. आणि मोठी घरात बसल्यावर धाकटीला कोण करून घेणार?" धाकटी म्हणजे मी. दादा काहीच बोलले नाहीत. न बोलणं हाच आमच्या घरातला होकार. माझी वाट मोकळी व्हावी म्हणून ताईला मरायला पाठवायचं होतं आणि त्याला सगळे काळजी म्हणत होते. बारा वर्षांच्या मुलीलाही एवढं कळत होतं.

स्थळ चालून आलं ते रांगोळीमुळेच. त्या मुलाच्या आईनं देवळाच्या पायरीशी ताईनं काढलेलं कमळ पाहिलं होतं. मुलीच्या हातात कला आहे म्हणाली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती आपल्या जावेला घेऊन आमच्याकडे येणार असं ठरलं.

त्या दिवशी ताईला सजवायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी मेंदीत तिच्या बोटांची टोकं बुडवली, नखं झाकली गेली. ओठांना कात भिजवून चोळला. ओठ लाल झाले, पण खालून जांभळा रंग डोकवायचाच, मग आणखी चोळला. ताई आरशात बघत होती. "छान दिसतेय ना गं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. माझ्या बोटांना कात लागला होता, तो मी परकराला पुसला.

बायका आल्या. आंब्याची डाळ झाली, ओटीत भिजवलेले हरभरे पडले. अंगणात ताईचं चैत्रांगण होतंच. शंख, चक्र, गौरीची पावलं, सगळं रेखीव. मुलाच्या आईचे डोळे निवले. ताईनं पन्हं प्यायलं आणि ओठांवरचा निम्मा कात पेल्याच्या काठाला गेला. कुणाचं लक्ष नव्हतं. मग ती बाई सहज म्हणाली, "माडीवरून तुझं विणकाम आण बघू, पाहते." त्या काळी अशाच युक्तीनं मुलगी लंगडत नाही ना, ते पाहायचे. काकूनं माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्याशी बसून डबी घट्ट धरली.

ताई माडीवर गेली. उतरली. अंगणाच्या उंबऱ्याशी आली आणि उकिडवी बसली. विणकाम हातातून पडलं. तिनं माझ्याकडे न बघता हात मागे केला, रोज करायची तसा.

मी डबी दिली नाही. मांडीखाली सरकवली.

सगळ्या बघत होत्या. ताईचा हात तसाच पसरलेला होता, लाल बोटांचा. ती धापा टाकत होती आणि ओठ काळेनिळे पडत चालले होते. मुलाची आई उठली, तिनं ताईची हनुवटी वर केली, आपल्या पदराच्या टोकानं तिचा ओठ पुसला आणि पदराला लागलेला कात पाहिला. "मला वाटलं, रांगोळीच्या आवडीनं बसते," ती म्हणाली. मग जावेला म्हणाली, "हात धुवून घ्या." दोघींनी आमच्या न्हाणीत हात धुतले आणि डाळीचे द्रोण तसेच टाकून गेल्या. मला त्यांचीही शिसारी आली. महारोग्याला शिवल्यासारखे हात धुवायचं काय कारण होतं?

काकूनं मला मारलं. आई म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?" दादा त्या दिवशी जेवले नाहीत, याचंच घरात जास्त दुःख झालं. मार खाताना मी मनात फुशारले होते. ताईला मीच वाचवलं, बाकी सगळे कसाई.

बातमी गावभर झाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ताईला मागच्या खोलीत टाकलं. मेंदी बंद, देवळात जाणं बंद. ताई माझ्याशी बोलेना. चार महिने गेले. एके दुपारी मी तिच्यापुढे बसून डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगून टाकलं. म्हटलं, मी का केलं ते तरी हिला कळू दे.

"मला माहीत होतं," ताई म्हणाली. "पडद्यामागे मी कपडे नीट करत होते. बहिरी नव्हते."

"मग तू कशी तयार झालीस?"

"या घरातून बाहेर पडले असते. वर्षभर का होईना, मला कुणी आजारी म्हटलं नसतं." तिनं श्वास घेतला. "दादांनी विचारलं नाही, काकूनं विचारलं नाही. पण वेणी तर माझी रोज तूच घालत होतीस. तू तरी विचारायचंस."

कसायांच्या रांगेत मीही उभी होते, फक्त माझ्या हातात डबी होती. ताई त्यानंतर तीन वर्षं जगली, त्या खोलीत. ही तीन वर्षं मी तिला दिली की तिच्यावर लादली, हे मला आजही सांगता येत नाही. माझं लग्न ती गेल्यावर झालं, अगदी रीतसर. माझ्या दारात मी कधी रांगोळी काढली नाही. बायका नावं ठेवतात.

ब्लाऊजच्या गळ्यावर घरात अजून वाद चालूच होता. मी उठले, अंगणात गेले आणि पोरीची लंगडी थांबवून तिला विचारलं, "गळा कसा हवा गं तुला?"

तिनं मान खाली घालून आपल्या छातीकडे पाहिलं. "वण दिसेल असा," ती म्हणाली. "मैत्रिणींना दाखवायचाय."

त्याच पावली मी शिंप्याकडे गेले आणि तसं सांगून आले.